दारावरची दस्ती

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेली नाही. नवऱ्यानं नाही, लेकीनं नाही, आणि जिच्याजवळ मी सगळं ओकून येते त्या माझ्या आईनंही नाही. मी गप्प बसणारी बाई नव्हे. आमच्या गावात कुणालाही विचारा, भाजीवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. पण ही एक गोष्ट मी दाताखाली दाबून धरली. आज सोडते. तुमच्याजवळच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर मी अजूनही खोटंच बोलेन — एवढी मी मला ओळखते.

मी शेळ्या विकते. येरमाळ्यापासून थोडं आत आमचं गाव. आपल्या भागातली काळी, लांब कानांची शेळी लांबलांबचे लोक मागतात. मी त्यांना ती फोनवर विकते. सकाळी गावातल्या, वाडीवरच्या शेळ्या बघायच्या, दात मोजायचे, कास चाचपायची, व्हिडिओ काढून पाठवायचे आणि दुपारी खोलीत बसून बोलणी करायची. सोलापूर, हैदराबाद, पुण्याकडचे फार्मवाले. यातला एकही माणूस मी समोर पाहिलेला नाही. सौदा ठरला की तेरखेड्याचा टेम्पो बोलावते — दिवाळीच्या आधी त्यात फटाके असतात, बाकी वर्षभर माझी शेरडं.

सौदा म्हणजे काय असतं, सांगू? समोरचा ‘विचार करून सांगतो’ म्हणतो, तेव्हा त्यानं विचार केलेला असतो. तो ‘कान तुटकाय’ म्हणतो, तेव्हा त्याला शेळी आवडलेली असते. मग तुम्ही एक श्वास गप्प बसायचं. एकच. दुसऱ्या श्वासाला तो घसरतो. हे मला कुणी शिकवलं नाही. आणि ज्यांनी शिकवायला हवं होतं, त्यांनी मला भर बाजारात हाकलून दिलं होतं.

ते माझे सासरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं, मीही तेच म्हणते. चाळीस वर्षं त्यांनी बाजारात दलाली केली. जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो, तुम्ही पाहिलाय का? दोन माणसं समोरासमोर बसतात, हातावर एक दस्ती टाकतात — रुमाल, तुम्ही रुमाल म्हणाल — आणि तिच्याखाली बोटं धरून भाव बोलतात. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा. खाली बोटांची लढाई. जोवर दस्ती हातांवर आहे, तोवर तिसऱ्यानं बोलायचं नाही, जवळ यायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. हा बाजाराचा कायदा. कुठं लिहिलेला नाही, पण त्याच्या आड येणाऱ्याला तिथं पुन्हा उभं करत नाहीत.

लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. माझ्या माहेरच्या दोन पाटी — म्हणजे तरण्या शेळ्या — मी स्वतः वाढवल्या होत्या, त्या घेऊन मी बाजारात गेले. एका गिऱ्हाइकासमोर बसले आणि हात पुढं केला, त्यानं वर दस्ती टाकली. तेवढ्यात कुठून तरी तात्या आले. त्यांनी आमच्या हातांवरची दस्ती ओढून घेतली आणि चारचौघांत म्हणाले,

“बाईमाणसाचा हात पदराखाली शोभतोय. दस्तीखाली न्हाय.”

लोक हसले. गिऱ्हाईकही हसला. मी पाटी सोडल्या नाहीत, परत घेऊन आले, साडेतीन कोस चालत. त्या वाटेवर मी जे ठरवलं, ते वीस वर्षं विसरले नाही. तुम्ही म्हणाल, एवढंसं बोलणं. एवढंसं? तुमच्यावर हसलेत का कधी बाजारभर लोक?

तर पुढं फोन आले, आणि माझे दिवस फिरले. फोनवर दस्ती लागत नाही. मी एकेक गिऱ्हाईक जोडत गेले. तात्यांचे गुडघे गेले, बाजार सुटला, ते ओसरीवरच्या खाटेवर बसून राहायला लागले. आणि आत, त्यांच्यापासून दहा पावलांवर, मी त्यांच्यापेक्षा मोठे सौदे करत होते. त्याचा मला किती आनंद व्हायचा, ते लपवत नाही.

पण घर! घरात बसून धंदा करणारी बाई म्हणजे घरात बसलेली बाई — एवढंच सगळ्यांना दिसतं. सोलापूरवाला आता घसरणार, एक श्वास उरलाय, आणि नवरा आत डोकावून विचारतो, “माझा टॉवेल कुठं हाय?” शेजारीण विरजण मागायला थेट माझ्या डोक्यावर उभी. गॅसवाला हाका मारतोय. एकदा व्हिडिओवर बोलत होते, तर मागं नवरा बनियनवर दात घासत आला आणि गिऱ्हाईक म्हणाला, “ताई, हे बोकड केवढ्याला?” त्या दिवशी मी ताट भिंतीवर फेकलं. भाकरी पंख्याला लागली. माझा राग असा आहे.

“घरीच तर असतीस,” नवरा म्हणाला.

या तीन शब्दांनी माझं जेवढं रक्त आटवलं, तेवढं कुठल्या गिऱ्हाइकानं आटवलं नाही.

मग मी घराशीच सौदा केला. सगळ्यांना ओसरीवर बसवलं. मी मागितलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. नवरा म्हणाला, तासभर घे. मी उठून जायला लागले — हा जुना डाव, तुम्हीही वापरा — तेव्हा तो खाली आला. शेवटी ठरलं: अकरा ते एक आणि तीन ते पाच. त्या वेळेत मी घरात नाही असं समजायचं. आग लागली तर आधी शेजाऱ्याला हाक मारायची. आणि खूण काय? मी आत गेले, खुंटीवरची तात्यांची जुनी दस्ती काढली आणि खोलीच्या दारावर खिळा ठोकून तिथं टांगली. लाल चौकड्यांची, घामानं आणि शेळ्यांच्या वासानं कडक झालेली. त्यांना विचारलं नाही. मुद्दामच विचारलं नाही. ही दस्ती दाराला असली म्हणजे आत सौदा चालू आहे.

तात्या बघत राहिले. मला वाटलं, झोंबलं.

आणि काय सांगू — जमलं! पहिल्या आठवड्यात नवरा दोनदा चुकला, मी दोनदा घर डोक्यावर घेतलं, तिसऱ्यांदा तो दारापर्यंत येऊन परत फिरला. शेजारीण विरजणासाठी पाचची वाट बघायला लागली. माझं काम काम झालं. कॉलेजात जाणारी माझी लेक अश्विनी मैत्रिणींना सांगायची, “आईची दस्ती असली की आमच्या घरात मांजरसुद्धा म्याव करत नाही.” मी हवेत होते. गावात एकाही बाईला दिवसाचे चार तास स्वतःचे मिळवता आले असतील का? मी मिळवले होते. भांडून, घासाघीस करून.

आता ऐका. इथून पुढचं मला लिहायला जड जातंय.

दस्तीची चटक लागते. एका दुपारी सौदा लवकर उरकला, चार वाजले होते, आणि मला उठावंसं वाटेना. बाहेर गेलं की चहा ठेवा, शेळ्यांना पाला टाका, हे बघा, ते बघा. मी दस्ती तशीच राहू दिली आणि थंड फरशीवर आडवी झाले. तासभर. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग सौदा नसतानाही दस्ती टांगायला लागले. फोन बंद करून ठेवायचा — पूर्ण बंद नाही, ते विमानाचं चिन्ह दाबायचं, म्हणजे लागत नाही. आमच्याकडे रेंज असते-नसते, त्यामुळं कुणाला वेगळं वाटत नाही. सगळ्यांना वाटायचं, आत वायफायवर बोलत असेल. मी काय करायचे? काहीच नाही. भिंतीला पाय लावून चुरमुरे खायचे. शेजाऱ्यानं बांध कोरला तर मी कुऱ्हाड घेऊन उठेन. आणि इथं जो बांध मी स्वतः घातला, तोच मी रोज वीतभर कोरत होते.

थकले होते, असं म्हणू का? नको. थकलेली असते तर सांगितलं असतं. मला फुकटचं गोड लागत होतं.

ती दुपार. दोन वर्षं झाली.

अश्विनीनं बारावीनंतर नर्सिंगसाठी परीक्षा दिली होती. लहानपणापासून तिचं एकच — सरकारी कॉलेज, पांढरा पोशाख, सरकारी दवाखान्यातली नोकरी. शेळी व्यायली की रात्र-दिवस तिच्याजवळ बसणारी पोरगी ती. त्या दिवशी ती सकाळी येरमाळ्याला कॉम्प्युटरवाल्याकडे गेली होती. यादीत नाव येणार की नाही, तिलाही माहीत नव्हतं. मला तर कुठलीच तारीख माहीत नव्हती, विचारली नव्हती.

मी तीनला दस्ती टांगली. सौदा नव्हता. फोन मेलेला. मी फरशीवर.

सव्वाचारच्या सुमारास पावलं वाजली, पळत आलेली. मग अश्विनीचा आवाज — दम लागलेला, आनंदानं फुटलेला. सगळं कळलं नाही. “तात्या, जागा लागली” एवढं कळलं. मग काहीतरी फोनचं. मग “पाच वाजेपर्यंतच”. हा ‘पाच’ शब्द मी स्वच्छ ऐकला. कशाचे पाच, हे विचारायला मी उठले नाही. कारण तेवढ्यात तात्यांचा आवाज आला.

“थांब तिथंच. दस्ती दिसत न्हाय का? आत सौदा चालूय.”

“तात्या, दोन मिनिटांचं काम हाय.”

“दस्तीखाली हात असला की बोलायचं न्हाय, पोरी. तुझी आई काय खेळायली का आत? पाचला निघतीच की दस्ती. ती वेळेची पक्की हाय. बस पायरीवर.”

तुम्हाला कळतंय का मला काय झालं ते? वीस वर्षं! ज्या माणसानं बाजारात माझ्या हातावरची दस्ती ओढली होती, तो माझ्या दारावरच्या दस्तीची राखण करत होता. बाजाराचा कायदा माझ्यासाठी सांगत होता — माझ्या लेकीला, खणखणीत आवाजात. मी फरशीवर उठून बसले. मला नाचावंसं वाटलं.

दार उघडायला चार पावलं होती. मी नाही उघडलं. मी काय केलं, सांगते. मी तो मेलेला फोन कानाला लावला आणि मोठ्यानं बोलायला लागले.

“न्हाय साहेब, त्या भावात तर मी खूरसुद्धा देणार न्हाय.”

बाहेर सगळं शांत झालं. मला कळलं, म्हातारा ऐकतोय. मग मी सुटलेच. समोर हैदराबादचा एक मोठा गिऱ्हाईक उभा केला — चाळीस शेळ्यांचा. तो कान तुटका म्हणाला, मी हसले. तो विचार करून सांगतो म्हणाला, मी एक श्वास गप्प बसले. तो उठून गेला, मी त्याला जाऊ दिलं. तो परत आला. आयुष्यात असा सौदा मी केला नव्हता. शब्द कसे येत होते! आणि दाराबाहेरून मधूनच तात्यांचा हलका आवाज यायचा, स्वतःशीच बोलल्यासारखा: “सोडू नको... धर... आत्ता धर.” बैलगाडीच्या शर्यतीत माणसं बोलतात ना, तसा.

मध्येच एकदा दारावर टकटक झाली. एकदाच, हळूच. आणि लगेच तात्या — “अगं, हात काढ. येतोय तो जाग्यावर.”

ती टकटक मी ऐकली. ती ऐकून मी आवाज वाढवला.

हा माझा गुन्हा. पुढचं सगळं त्याच्या मागून आलं, पण गुन्हा हा. आवाज वाढवला.

मी चाळीसच्या चाळीस शेळ्या विकल्या, कुणालाच. “झालं साहेब, पाठवते टेम्पो,” म्हटलं आणि दार उघडलं. पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. पायरीवर अश्विनी बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. तात्या खाटेवर नव्हते, दाराशी भिंतीला टेकून उभे होते — त्या गुडघ्यांवर. ते माझ्याकडे बघून हसले. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

“अश्वीची आई,” ते म्हणाले, “लई भारी धरलास.”

अश्विनी हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं. सरकारी कॉलेजात जागा लागली होती. ती पक्की करायला माझ्या फोनवर ओटीपी येणार होता, कारण फॉर्मला माझाच नंबर होता. पाच वाजेपर्यंत. तिनं दहादा फोन लावला, लागला नाही. आता ती जागा पुढच्या नावाला गेली.

मी फोनकडे बघितलं. विमान तसंच होतं. मी तिच्याकडे पाठ केली आणि बोटानं ते काढलं. एवढं चपळ बोट दस्तीखाली तात्यांचंही नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो, मग जिल्ह्याच्या गावी गेलो. मी खिडकीखिडकीवर भांडले. काही झालं नाही. व्हायचं नव्हतंच.

पण मला त्याच संध्याकाळचं सांगायचंय. नवरा आला. त्यानं ऐकलं. तो सहसा आवाज चढवत नाही, त्या दिवशी बापावर चढवला. “पोरगी दार वाजवत हुती आणि तुम्ही तिचा हात धरला? तुमचा बाजार कवाच उठला, तात्या. हे घर हाय.”

तात्या माझ्याकडे बघत होते. मदतीसाठी नव्हे. माझा सौदा त्यांनी सांभाळला होता, तर आता मी एक शब्द बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी बोलले. मी म्हणाले,

“तुम्हाला कुणी राखण बसायला सांगितलं हुतं?”

तीच ओसरी, तीच माणसं, आणि बाजारातल्यासारखाच चारचौघांतला घाव. तात्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, “चुकलं माझं.” चाळीस वर्षांच्या दलालीत हे वाक्य त्यांनी कुणाला म्हटलं नसेल.

आणि मला एक क्षण बरं वाटलं. आत कुठंतरी ती साडेतीन कोसांची वाट संपल्यासारखी वाटली. लेकीचं वर्ष गेलेलं, म्हातारा मान खाली घालून बसलेला, आणि मला बरं वाटलं. एक क्षणच. पण वाटलं.

खोट्याला आणखी एक खोटं लागतं. चाळीस शेळ्या जाणार होत्या, त्या गेल्या का नाहीत? मी सांगितलं, हैदराबादवाला फिरला. अश्विनी म्हणाली, “जाऊ दे आई, दोघींचंही नशीब एकाच दिवशी फिरलं.” तिनं मला समजावलं. आणि तात्या दोन दिवसांनी माझ्या दाराशी येऊन, आत न येता म्हणाले, “असले गिऱ्हाईक फिरतात. तुझी चूक न्हाय. तू बरोबर धरलं हुतंस.”

अश्विनीचा पुढच्या वर्षीचा पेपर वाईट गेला. आता ती कळंबला बीए करते आणि माझ्याबरोबर शेळ्या बघायला येते. तिचा डोळा चांगला आहे, जीभही. गिऱ्हाइकांना ती कधीकधी हसत सांगते, “माझ्या आईच्या सौद्यात मध्ये बोलायचं नाही हां, मी एकदा बोलले नाही तर नर्स व्हायची राहिले.” ते हसतात. मीही हसते. ती चिडत नाही आणि ते मला चिडण्याहून वाईट आहे. व्यालेल्या शेळीजवळ अजून तीच बसते.

दस्ती मी काढायला हवी होती, नाही का? काढली नाही. काढली तर का काढली, हे सांगावं लागलं असतं. ती अजून अकरा ते एक आणि तीन ते पाच दाराला असते. नवरा ओरडल्यानंतरही तात्या त्या वेळेला खाटेवरून उठून दाराशी जाऊन बसतात. एक बदल केलाय त्यांनी. कुणी आलं तर आधी विचारतात, “लई निकडीचं हाय का?” निकडीचं असेल तर स्वतः दार वाजवतात. तेवढं त्यांनी शिकून घेतलं — माझ्या चुकीतून.

आता साडेतीन वाजलेत. मी फरशीवर बसून हे लिहितेय, अश्विनीच्या कोऱ्या राहिलेल्या वहीत. नर्सिंगच्या क्लाससाठी आणलेली होती. बाहेर चपला वाजल्या. तिच्याच. काहीतरी विचारायला आली असेल.

“लई निकडीचं हाय का?” तात्या विचारतायत.

“न्हाय, सहज.”

“मग बस. आत सौदा चालूय.”

ती बसली. पायरीवर, त्याच पायरीवर.

दस्ती दाराला आहे. फोन बंद आहे. आत सौदा नाही.